गल्ल्यावरचे नवे यंत्र आणि कांद्याची पट्टी

लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरमागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा आणि मुंबई-पुण्याच्या साखळी दुकानातील गल्ल्यावर ठेवलेल्या बारकोड वाचणाऱ्या यंत्राचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणालाही वाटणार नाही. एक मातीतला माणूस, दुसरी काचेमागची डोळे मिचकावणारी वस्तू. परंतु कांदा या दोघांच्याही हातांखालून जातो. पहिल्याच्या हातून निघताना त्याचा एक भाव ठरतो, दुसऱ्याच्या समोर येईपर्यंत त्याचा दुसराच भाव झालेला असतो, आणि या दोन भावांची एकमेकांशी गाठ पडणार नाही अशी आपल्या बाजाराची रचना आहे. हे गल्ल्यावरचे यंत्र आता बदलले जात आहे. ते बदलताना त्याने काय वाचावे आणि काय वाचू नये हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे काय?

बदल कोणता, ते आधी सांगितले पाहिजे. वस्तूंना क्रमांक देणारी ‘जीएस१’ नावाची जागतिक संस्था आहे. भारतात तिची शाखा १९९६ पासून काम करते. या संस्थेने जगभरच्या दुकानदारांपुढे असे उद्दिष्ट ठेवले आहे की, २०२७ च्या अखेरीपर्यंत प्रत्येक गल्ल्यावरील यंत्राला जुन्या उभ्या रेघांच्या बारकोडाबरोबर नवा चौकोनी कोडही वाचता आला पाहिजे. चौकोनी कोड म्हणजे काय हे आज खेड्यातल्या मुलालाही सांगावे लागत नाही. चहाच्या टपरीवर पैसे देण्यासाठी जो चिकटवलेला असतो तोच क्यूआर, १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघालेला. गरिबाच्या खिशातून पैसे काढून घेण्याचे काम तो आपल्याकडे चांगले शिकला आहे. दुकानातल्या वस्तूची हकीकत सांगण्याचे काम त्याला आता शिकवले जाणार आहे.

जुन्या बारकोडाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी एका दुकानाच्या गल्ल्यावर च्युइंगमचे एक पाकीट यंत्रासमोरून सरकवले गेले आणि त्याची किंमत, ६७ सेंट, आपोआप उमटली. त्या पाकिटावरच्या रेघांत ही किंमत लिहिलेली नव्हती. रेघांत होता केवळ एक क्रमांक. किंमत होती दुकानदाराच्या संगणकात. आजही आपल्या साबणाच्या वडीवर जे तेरा अंक असतात त्यांत किंमत नसते, वजन नसते, माल कोठे तयार झाला तेही नसते. (आरंभीचे ८९० हे अंक पाहून ‘माल स्वदेशी आहे’ असे समाधान मानणारे अनेक सद्गृहस्थ आहेत. त्या अंकांचा अर्थ इतकाच की क्रमांक भारतीय शाखेने दिला.) शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांचा ताळा. यापलीकडे त्या रेघा मुक्या आहेत.

किंमत वस्तूवरून उठून दुकानदाराच्या संगणकात गेली, हे परिवर्तन वाटते तेवढे किरकोळ नव्हते. प्रत्येक डब्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवण्याची आता गरज नाही, असे अमेरिकन दुकानदार म्हणू लागले. गिऱ्हाइकाने फळीवरची पाटी वाचावी आणि यंत्रावर विश्वास ठेवावा! तेव्हा तेथील ग्राहक संघटना आणि दुकान कर्मचाऱ्यांच्या संघटना एकत्र येऊन झगडल्या; एकीला फसवणुकीची भीती होती, दुसरीला चिठ्ठ्या लावणाऱ्या हातांची नोकरी जाण्याची. मिशिगन राज्याने १९७६ मध्ये कायदाच केला की किंमत वस्तूवरच लिहिली पाहिजे. तो कायदा पस्तीस वर्षे टिकला आणि २०११ मध्ये रद्द झाला. यंत्र आले म्हणजे त्याच्या पाठोपाठ येणारा सामाजिक बदल अटळच असतो, असे मानणाऱ्यांनी ही पस्तीस वर्षे लक्षात घ्यावीत.

आता नव्या कोडाकडे वळू. जुने यंत्र लेझरच्या किरणाची एक आडवी रेघ वस्तूवरून फिरवते आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून परतणारा प्रकाश मोजते. चौकोनी कोडात माहिती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांना भरलेली असते. एका रेघेने ती वाचता येत नाही, त्यासाठी चित्र टिपणारे, कॅमेऱ्यासारखे यंत्र लागते. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांचेही काम तेवढ्याने भागत नाही. कारखान्यातून येताना यंत्राचे काही प्रकारचे कोड वाचण्याचे दार बंद ठेवलेले असू शकते. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेतील विशिष्ट खुणा त्याला एकामागून एक दाखवून ते दार उघडावे लागते. संक्रमणकाळात एकाच वेष्टनावर जुना आणि नवा असे दोन्ही कोड राहतील, तेव्हा यंत्राने एकच वस्तू दोनदा मोजू नये म्हणून कोणत्या कोडाला अग्रक्रम द्यायचा ते सांगून ठेवावे लागते. नव्या कोडात पुष्कळदा संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता असतो. त्या पत्त्यातून वस्तूचा चौदा अंकी क्रमांक वेचून काढण्यास बिलाच्या प्रणालीला शिकवले नसेल तर ती ‘वस्तू सापडत नाही’ असे सांगून मोकळी होते, रांग खोळंबते, आणि गिऱ्हाइकाचे बोलणे गल्ल्यावरच्या मुलीला ऐकावे लागते. ती बिचारी ना यंत्राची मालक, ना कोडाची.

या सगळ्या जुळणीतला मर्माचा भाग पुढेच आहे. नव्या कोडात माहितीचे खण असतात आणि प्रत्येक खणाला ठरलेला क्रमांक असतो. ०१ म्हणजे वस्तूचा क्रमांक, १० म्हणजे तुकडीचा, १७ म्हणजे मुदत संपण्याचा दिनांक. निव्वळ वजनाला खण आहे. उगमाच्या देशाला ४२२ हा खण आहे. माल कोणाकडून खरेदी केला ते सांगण्यास ४१२ आहे. पीक काढल्याच्या दिनांकालाही ७००७ हा खण आहे! गिऱ्हाइकाने द्यावयाच्या रकमेलासुद्धा एक खण राखून ठेवलेला आहे. परंतु ते पीक ज्याने काढले त्याला काय मिळाले, या माहितीला खण नाही. जगातल्या मोठमोठ्या व्यापारी कंपन्यांच्या प्रतिनिधींनी बसून ही यादी केली. मालाचे आयुष्य केव्हा संपते याची त्यांना चिंता होती, माल पिकवणाऱ्याच्या आयुष्याची नव्हती. यात कोणाचा दुष्टावा पाहण्याचे कारण नाही. जो यादी करतो तो आपल्या गरजेची यादी करतो, एवढेच. मात्र ९१ ते ९९ हे खण कंपन्यांनी आपापल्या अंतर्गत माहितीसाठी वापरावेत म्हणून मोकळे ठेवलेले आहेत. तेव्हा जागा नाही ही सबब कोणालाही सांगता येणार नाही.

कांदा सुटा विकला जातो, त्याला बारकोड कोठून असणार, अशी शंका येथे निघेल. मोठ्या दुकानात जाऊन पाहावे. तेथे कांदा पिशवीत भरून वजनकाट्यावर ठेवला की काट्यातून एक चिठ्ठी निघते आणि पिशवीला चिकटते. तिच्यावर रेघांचा कोड असतोच. हा कोड दुकानाने स्वतः तयार केलेला असतो. दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेल्या, २ या अंकाने सुरू होणाऱ्या क्रमांकांपैकी तो असतो आणि त्याच्या पोटात वजन किंवा रक्कम दडवलेली असते. म्हणजे कांद्याच्या बाबतीत कोड छापणारा आणि कोड वाचणारा हे दोघेही एकाच मालकाचे. जाळीच्या पिशवीत एक-दोन किलो भरून जो कांदा येतो, त्याचा कोड वेष्टनकार देतो. दोन्हीकडे शेतकऱ्याचा पत्ता नाही.

आणि शेतकऱ्याकडे काय असते? त्याच्याकडे पट्टी असते. लासलगावची बाजार समिती १९४७ पासून चालू आहे. कांद्याची आशियातील सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिची ख्याती आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उघडा कांदा भरून शेतकरी पहाटेपासून रांग धरतो. व्यापाऱ्यांचा घोळका येतो, कोणी ढिगात हात घालून चार कांदे वर काढतो, कोणी नखाने पापुद्रा उलगडून पाहतो, बोली पुकारली जाते आणि चार महिने राबून, पुढे चाळीत राखून ठेवलेल्या पिकाचा निकाल काही क्षणांत लागतो. मग काटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा करणे, मग पट्टी. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव, वजन, क्विंटलचा भाव, कपात आणि हाती पडणारी रक्कम असते. कांद्याच्या साऱ्या प्रवासातला हा सर्वांत प्रामाणिक कागद होय, आणि तोच खळ्याच्या दारापलीकडे जात नाही. गोणी भरली, ट्रक निघाला की कांदा अनाम होतो. लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण शहरातल्या ढिगात तो कोणता, हे लासलगावचा माणूसही ओळखू शकणार नाही.

या पट्ट्यांनी अधूनमधून देशाला धक्के दिले आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस याच निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घेऊन गेलेल्या बार्शी तालुक्यातील शेतकऱ्याच्या हाती सर्व कपात होऊन दोन रुपयांचा धनादेश पडला. वर्तमानपत्रांनी पट्टीची आणि धनादेशाची छायाचित्रे छापली, चार दिवस हळहळ झाली. त्याच आठवड्यात शहरातील ग्राहकाने कांद्यासाठी काय मोजले हे त्या छायाचित्राशेजारी कोणी छापले नाही, कारण ते दोन आकडे एका जागी येतील असा कागद आपल्या बाजारात अस्तित्वातच नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधात ग्राहकाच्या कांद्यावरील रुपयापैकी शेतकऱ्याचा वाटा सुमारे ३६ पैसे असल्याचे म्हटले आहे. ही सरासरी झाली. सरासरीने कोणाचे डोळे उघडत नाहीत. गिऱ्हाइकाने हातात धरलेल्या पिशवीवर तो आकडा असला तर कदाचित उघडतील.

उरलेले ६४ पैसे सगळेच्या सगळे लुटीचे आहेत, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहिला म्हणजे त्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब येतात. प्रतवारी, गोणी, हमाली, वाहतूक, शहरातील दुकानाचे भाडे हे खर्च खरे आहेत. गोल्टी वेगळी काढणाऱ्या बायाबापड्यांची मजुरीही त्यातच आहे, आणि ती फार आहे असे कोणी म्हणू नये. पण जो व्यापारी आपला खर्च खरा असल्याचे सांगतो, त्याने दोन्ही भाव शेजारी शेजारी ठेवायला का कचरावे? खर्चाचा हिशोब देता येतो. लपवावा लागतो तो हिशोब निराळा असतो.

हे व्यवहारात शक्य नाही, कांदा मिसळला जातो, असा आक्षेप घेतला जाईल. नाशिक जिल्ह्यानेच त्याला उत्तर देऊन ठेवले आहे. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यात संकटात आली. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली. प्रत्येक बागेची नोंद होऊ लागली, आणि युरोपातल्या खोक्यावरून निफाड-दिंडोरीच्या बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. खुद्द लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेले विकिरण केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ते उभारले गेले, आणि २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले तेव्हा पहिला आंबा तेथूनच विकिरण होऊन गेला. त्या व्यापारात खोक्यावरून बागेचा आणि आवेष्टनगृहाचा पत्ता लागला पाहिजे, अशी अटच आहे. म्हणजे युरोप-अमेरिकेच्या ग्राहकाच्या पोटासाठी आपण एकेका बागेचा माग ठेवू शकतो. येथल्या शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आला की मात्र कांदा मिसळतो!

मिसळतो हे खरे असले तरी अडचण दुर्लंघ्य नाही. प्रत्येक कांद्यामागे शेतकऱ्याचे नाव शोधावे अशी आमची मागणीच नाही. व्यापारी ज्या दिवशी जी तुकडी भरतो, तिच्यात कोणत्या बाजार समितीत, कोणत्या तारखांना, सरासरी काय भावाने घेतलेला माल आहे, एवढे सांगितले तरी पुरे. खरेदीच्या नोंदी त्याच्या वहीत असतातच. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी भाव रोज जाहीर करतेच. शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, खाते क्रमांक यांपैकी काहीही कोडात जाता कामा नये, हे येथे निक्षून सांगतो. कोणाचा माल अडला आहे आणि कोणाला पैशाची निकड आहे, हे मोठ्या खरेदीदाराला घरबसल्या कळू लागले तर औषधापेक्षा रोग बरा अशी स्थिती होईल.

दोन्ही भाव एकत्र दिसू शकतात याचा एक दाखला खुद्द केंद्र सरकारने नकळत दिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लादले, लासलगावसह जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. असंतोष शमवण्यासाठी २,४१० रुपये क्विंटलने कांदा खरेदी करण्याची घोषणा झाली, आणि त्याच दिवसांत शहरांत सरकारी संस्थांमार्फत २५ रुपये किलोने कांद्याची विक्री सुरू झाली. विकलेला कांदा आधी साठवलेला होता, मधला खर्च सरकारी तिजोरीने सोसला, आणि हे सारे शहरी मतदाराच्या धास्तीने झाले, हे सर्व मान्य. तरीही खरेदीचा आणि विक्रीचा भाव एकाच वेळी जनतेपुढे होता आणि त्यामुळे आकाश कोसळले नाही.

कोडात काय असावे हे सरकारने सांगणे म्हणजे व्यापारात ढवळाढवळ, असेही म्हटले जाईल. ही ढवळाढवळ जुनीच आहे. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते ती कंपन्यांच्या सौजन्याने नव्हे, कायद्याने. आज तो नियम २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांत आहे. औषधांच्या बाबतीत तर सरकारने कोडापर्यंत हात घातला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला, आणि त्यात उत्पादकाचे नाव, तुकडी, मुदत, परवाना क्रमांक हे असलेच पाहिजे असे ठरवून दिले. औषधाला जे लागू पडते ते अन्नाला का लागू पडू नये?

आपल्याच चळवळीतील काही साथींना हा सारा यंत्रांचा खेळ वाटेल, याची मला कल्पना आहे. भाव ठरतो तो निर्यातबंदीने, आयातीने, साठ्याच्या धोरणाने. गल्ल्यावरच्या चौकोनाने काय होणार? धोरणाविषयीचे त्यांचे म्हणणे खरे आहे. डिसेंबर २०२३ मधील निर्यातबंदीने लासलगावचे जे नुकसान केले ते कोणताही कोड भरून काढू शकला नसता. परंतु डॉ. लोहिया दामनीती मांडताना कारखान्यातील मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये असे म्हणत, तेव्हा खर्च आणि किंमत हे दोन्ही आकडे जनतेला माहीत असणे त्यात गृहीतच होते. १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यातील शेतकरी ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर उतरला. शेतकरी संघटनेच्या खुल्या बाजाराच्या तत्त्वज्ञानाशी आमचे मतभेद होते आणि आहेत, पण शेतमालाच्या खर्चाचा हिशोब तिने चव्हाट्यावर मांडला हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. तो हिशोब गावच्या चव्हाट्यावर आला; शहरातल्या गल्ल्यावर पोहोचला नाही. महागाईविरुद्ध लाटणे मोर्चा काढणारी शहरातली गृहिणी आणि भावासाठी रस्ता अडवणारा शेतकरी हे एकमेकांचे वैरी आहेत, असे दोघांनाही इतकी वर्षे पटवून देता आले, ते यामुळेच.

राहिला छोट्या दुकानदाराचा प्रश्न. यंत्रबदलाचा खर्च साखळी दुकानांना सहज पेलेल, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला नाही. त्याच्यावर नवे यंत्र लादता कामा नये. मोबाईलच्या कॅमेऱ्याने काम भागते तेथे भागवू द्यावे, आणि बिलाची साधी प्रणाली सरकारने मोफत पुरवावी. सक्तीचा आरंभ मोठ्या साखळ्यांपासूनच व्हावा, कारण यंत्रांची जुळणी आत्ता तेच करीत आहेत.

आणि म्हणून घाई आहे. २०२७ नंतर एकदा ही यंत्रे बसली, त्यांनी कोणते खण वाचावेत आणि कोणते गाळावेत हे ठरले, की पुढील वीस वर्षे ‘आमच्या प्रणालीत तशी सोय नाही’ हे उत्तर ऐकावे लागेल. तूर्त दोन गोष्टी करता येतील. वेष्टित वस्तू नियमांत दुरुस्ती करून, जाळीत भरलेल्या किंवा दुकानात वजन करून चिठ्ठी लावलेल्या कांद्याच्या कोडात बाजार समिती, खरेदीचा काळ आणि लिलावाचा सरासरी भाव असावा. आणि गल्ल्यावरच्या यंत्राने तो केवळ वाचून गिळून टाकू नये, बिलावर विक्रीच्या भावाशेजारी छापावा, अशी मागणी खासदार-आमदारांकडे लेखी गेली पाहिजे. दुसरे काम लासलगावातच होण्यासारखे आहे. समितीने पट्टीवर आणि व्यापाऱ्याच्या खरेदीनोंदीवर सौद्याचा क्रमांक चौकोनी कोडात छापण्यास सुरुवात करावी, म्हणजे पुढे तो गोणीवर आणि पिशवीवर नेता येईल. निफाड, चांदवड आणि येवला तालुक्यांतील साथींनी संचालकांना या आशयाचे निवेदन कांद्याच्या येत्या हंगामाआधी द्यावे. क्यूआरच्या सर्वांत मोठ्या आकारात ७,०८९ अंक मावतात. क्विंटलच्या भावाला चार लागतात, दिनांकाला सहा.